पान एकशे चौदावरची बाई

रत्नमाला हर्सूलच्या एका शाळेत एकोणीस वर्षं ग्रंथपाल होती. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या उन्हाळ्यात संस्थेच्या नानासाहेबांनी ग्रंथालयाला एक संगणक दिला आणि मुलांना ऑनलाइन फुकट काय काय वाचता येईल याची यादी करायला सांगितलं. रत्नमालेला माउस धरायचीही धास्ती. मग संगणक शिकवणारी शाइस्ता दोन दिवस तिच्याशेजारी बसली. ई-पुस्तकं कुठं असतात, विद्यापीठांचे जुने प्रबंध कुठं साठवलेत, शोधायचा शब्द कसा टाकायचा, सगळं तिनं दाखवलं. कितीही फिरलात तरी काही बिघडत नाही, एवढं मात्र तिनं दोनदा सांगितलं.

शाळा सकाळची होती. बारा वाजता मुलं पांगली की खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरे. खिडकीबाहेर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते आणि त्यांच्या फटीतून तलावाचा भेगाळलेला, पांढरा तळ दिसे. रत्नमाला यादी करायला बसे आणि भलतीकडंच निघून जाई. एका पुस्तकाच्या तळटीपेतून दुसऱ्या पुस्तकात, तिथून कुठल्या जुन्या अहवालात. लहानपणी मेंढरांमागं चालताना असंच व्हायचं. एक टेकडी चढली की पुढची दिसायची, आणि मुक्काम कुठं हे कुणी विचारायचं नाही. मान वर केली की चार वाजलेले असत, समोरचा चहा गार झालेला असे आणि आपण कुठून तरी लांबून आलोय असं तिला वाटे.

अशाच एका दुपारी तिनं सहज आपल्या तालुक्याचं नाव टाकलं, ‘सोयगाव’. त्र्याऐंशी सालचा एक प्रबंध उघडला. सोयगावच्या डोंगरांतल्या मेंढपाळांच्या वाटांवरचा. टंकलिखित पानं, तिरकी उमटलेली. तिनं चार दुपारी तो सावकाश वाचला. विसरलेल्या ओढ्यांची नावं येत होती, खिंडी येत होत्या. पान एकशे चौदावर एक फोटो होता. ओढ्यात बारीक धार, सात-आठ मेंढरं, आणि वाकून ओंजळीनं एका मेंढीला पाणी पाजणारी बाई. डोक्यावरचा पदर पुढं आलेला, चेहरा दिसत नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘पाण्यावर आलेली मेंढपाळ स्त्री’.

रत्नमाला आठ वर्षांची असताना तिची आई बानाबाई तापानं गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आताशा तर तिला आईचा चेहरासुद्धा आठवत नसे. आठवे तो फक्त ओल्या लोकरीचा वास. ती त्या वाकलेल्या पाठीकडं कितीतरी वेळ बघत राहिली. ही कुणीही असू शकते, असं तिनं स्वतःला बजावलं.

वडील तिच्याकडंच राहत. चारा नाही, पाणी नाही म्हणून मुंजाबानं दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकली होती आणि तो तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिला होता. दिवसभर गॅलरीत बसून टँकर बघायचा. बोलणं जवळजवळ बंदच. शाइस्तानं पान छापून दिलं, तरी ते आबांना दाखवायला रत्नमालेनं तीन दिवस लावले. नाही म्हणाले तर काय, याची भीती होती.

मुंजाबानं कागद हातभर लांब धरला. बाईकडं त्यानं पाहिलंच नाही. त्याचं बोट मेंढरांवर गेलं.

“ही चिरकानी,” तो म्हणाला. “लांडग्यानं कान फाडला व्हता हिचा. ही तिच्या पाठीवरची. ही बोडकी, सांडूमामाकडून आणलेली.”

एकेक करत त्यानं सगळी नावं घेतली. मग बोट पुन्हा चिरकानीवर आलं, तिच्या तोंडाखालच्या ओंजळीपाशी थांबलं.

“चिरकानी कुणाच्या हातचं पाणी प्यायची नाय,” तो म्हणाला. “बानाशिवाय.”

रत्नमाला तिथंच फरशीवर बसली. थोड्या वेळानं त्यानं खाली काय लिहिलंय ते विचारलं. तिनं वाचून दाखवलं.

“नाव नाय टाकलं?”

“त्यांना ठाऊक नसेल, आबा.”

“इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं.”

मग हळूहळू त्याला आठवलं. एक कॅमेरावाला तरुण दोन दिवस त्यांच्यात राहिला होता. भाकरी खाल्ली, वाटा विचारल्या, मेंढ्यांची नावं विचारली.

प्रबंधावर नाव होतं पुंडलिक असं. शाइस्तानं चार ठिकाणी विचारून त्यांचा पत्ता काढला आणि रत्नमालेनं ईमेल लिहिला, ती बाई माझी आई बानाबाई, फोटोखाली तिचं नाव टाकता येईल का म्हणून. तीन आठवडे काहीच आलं नाही. मग उत्तर आलं. प्रबंधात आता बदल होत नाही, पुंडलिकरावांनी लिहिलं होतं, पण फिल्म जपून ठेवली आहे. ओलीनं बरीचशी चिकटली, तो फोटो मात्र वाचलाय. आठवड्यानं टपालानं मोठी प्रत आली. त्यातही चेहरा दिसत नव्हताच. रत्नमालेला आत कुठंतरी आशा होती, ती मावळली. पण प्रत उलटली तर मागं शाईनं लिहिलं होतं, ‘बानाबाई’.

त्यानंतर मुंजाबा दुपारी शाळेत येऊ लागला. ती प्रबंध वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच थांबवायचा. साठाव्या पानावरच्या एका झऱ्यावरून तो दोन दिवस अडून बसला. झरा खिंडीच्या अलीकडं नाय, पलीकडं. रत्नमालेनं तसं कळवलं. पुंडलिकरावांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मुंजाबांचंच खरं असणार, त्यांनी लिहिलं होतं. त्या दिवशी मी तापानं पडून होतो, झरा पाहिलाच नाही.