इंग्रजीतला च

खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला की वरच्या खोलीत सावंत बाईंचा आवाज तेवढा उरायचा. मरोळमधल्या त्या माळ्यावर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास उन्हाची एक तिरपी पट्टी फळ्यावर यायची. त्या पट्टीत खालून उडालेलं पीठ आणि वर उडालेली खडूची धूळ एकत्र तरंगायची, आणि बाईंच्या निळ्या सुती साडीवर जे पांढरं बसलेलं असे, ते भाकरीचं की व्याकरणाचं, हे कुणालाही सांगता आलं नसतं. गिरणी चालू असताना त्या आवाज चढवत नसत. वाक्य अर्ध्यावर ठेवून, खडू बोटांत धरून थांबत, आणि त्यांच्या त्या शांत चेहऱ्याकडे बघताना वाटे, राहिलेलं क्रियापद त्यांनी जिभेखाली जपून ठेवलं आहे.

त्यांचे वडील मालवणकडून येऊन कापडगिरणीत मागावर उभे राहिले होते. बाई महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि दिंडोशीच्या वसाहतीतल्या आपल्या घरातून दोन बस बदलून इथे यायला लागल्या. वसाहतीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांना सुखात राहता आलं असतं. त्यांनी निवडल्या त्या इथल्या कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या बाया. मी त्यांच्या हाताखाली फळा पुसायची, वह्या तपासायची.

बाईंना शब्द माणसांसारखे दिसत. मराठीत ‘आला’ म्हटलं की पुरुष आला आणि ‘आली’ म्हटलं की बाई आली, म्हणून आपला कर्ता पडद्यामागे राहिला तरी चालतं, असं त्या सांगत. इंग्रजी क्रियापदाला मात्र बाई आणि पुरुष यांतला फरक ठाऊक नाही, म्हणून तिथे सर्वनामाला स्वतः पुढे येऊन उभं राहावं लागतं. तिथली विशेषणं त्यांना सणाला नटून आलेल्या पाहुण्यांसारखी वाटत, नामाच्या आधी येऊन बसणारी आणि पोरगा असो की पोरगी, आपला वेश न बदलणारी. क्रियाविशेषणांवर त्यांचा डोळा असे. ‘ही जात चंचल,’ त्या म्हणत, ‘कुठेही जाऊन बसते आणि जिथे बसते तिथला अर्थ फिरवते.’ पण साऱ्या इंग्रजीत त्यांचा जीव ‘यू’ या एका शब्दावर होता. तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. हमालालाही यू आणि मालकालाही यू. हे सांगताना त्यांच्या मानेची शीर थोडी ताठ होई, आणि बाकांवरच्या बाया एकमेकींकडे बघून हसत.

‘मग साहेबाला यू म्हटलं तर चालतं, टीचर?’ सुरेखाने एकदा विचारलं.

‘चालतं काय, दुसरा शब्दच नाही त्यांच्याकडे. वाट लागली ना साहेबाची.’

या सुरेखामुळेच मला बाई पुरत्या कळल्या. चैत्राच्या शेवटी तिच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यात नीलम नावाच्या मुलीची ओढणी अडकली. सुरेखा आपलं टेबल सोडून धावली, लाल बटण दाबून तिने मशीन थांबवलं आणि खोकी कापायच्या सुरीने ओढणी कापली. नीलम वाचली. अडकलेला माल खराब झाला, आणि चौथ्या दिवशी सुरेखाच्या हातात नोटीस पडली: परवानगीशिवाय जागा सोडली, परवानगीशिवाय मशीन बंद केलं, खुलासा द्या. नोटीस इंग्रजीत होती. सुरेखाने कुणालाही न विचारता, वर्गात शिकलेल्या बळावर इंग्रजीतच खुलासा लिहून दिला: आय ओन्ली स्टॉप्ड द मशीन. आय ओन्ली कट द ओढणी.

साहेबाने तिला बोलावून विचारलं, ‘ओन्ली? फक्त मशीन बंद केलं? एवढा माल गेला आणि तुला ती किरकोळ गोष्ट वाटते?’ आठ दिवसांत नीट खुलासा द्यायचा, नाहीतर कामावरून कमी करू, असं सांगून त्याने कागद परत केला.

रविवारी तो कागद बाकावर पसरून सुरेखा बसली होती. रडत नव्हती. तिला चूकच सापडत नव्हती.

‘टीचर, मीच थांबवलं ना? मीच कापली ना? मग मीच म्हणजे आय ओन्ली, बरोबर आहे की.’

बाईंनी कागद हातात घेतला. खाली गिरणी चालू होती. आपल्या भाषेत जो च नावाच्या मागे छाती काढून उभा राहतो, तोच इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन असा खाली मान घालतो, आणि एका बाईचा अभिमान साहेबाच्या टेबलावर बेफिकिरी म्हणून वाचला जातो, हे त्या दोन ओळींत लख्ख दिसत होतं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, मराठीत लिहायचा हिचा हक्क आहे, मराठीतच देऊ.

‘हक्क आहेच गो,’ बाई म्हणाल्या. ‘पण तिला काय हवंय ते विचारलंस?’

‘मला त्यांच्याच भाषेत सांगायचंय,’ सुरेखा म्हणाली. ‘त्यांनी लिहिलंय ना इंग्रजीत.’

मग मीच तीन पानांचा इंग्रजी खुलासा लिहून आणला. त्यात अमानुष होतं, निर्दयी होतं, रक्तपिपासू होतं. बाईंनी चष्मा पुसून तो शेवटपर्यंत वाचला.

‘ह्या अमानुषने पट्टा थांबला काय गो?’

‘नाही.’

‘निर्दयीने ओढणी कापली?’

त्यांनी पेन्सिलीने एकेक विशेषण खोडलं, आणि तीन पानांत सुरेखा कुठेच नाही, हे मला तेव्हा दिसलं. सगळीकडे मीच होते.

नंतर त्यांनी सुरेखाला फळ्यापाशी उभं केलं आणि खडू तिच्या हातात दिला.

‘ओन्ली पूस.’

‘मग माझा च कुठे गेला, टीचर?’

‘आय लिही. कसा लिहितात? वाक्याच्या मधोमध आला तरी?’

‘कॅपिटल.’

‘तू लहान लिपीत, ती लहान लिपीत, ते पण लहान लिपीत. एकटा मी तेवढा मोठ्या लिपीत, काठीसारखा उभा. तोच तुझा च. आता त्याच्या शेजारी लगेच क्रियापद ठेव. मधे कुणाला बसू देऊ नकोस.’

सुरेखाने लिहिलं. पाच वाक्यं झाली: नीलमची ओढणी पट्ट्यात होती. मी धावले. मी मशीन थांबवलं. मी ओढणी कापली. मी सुपरवायझरला हाक मारली. इंग्रजीतली ती वाक्यं फळ्यावर एकाखाली एक उभी होती आणि त्यांच्या डाव्या कडेला चार ‘आय’ चार खांबांसारखे दिसत होते. सुरेखाने ती पाचही चार वेळा मोठ्याने म्हटली. पहिल्यांदा अडखळली, चौथ्यांदा नाही.

चौकशीच्या दिवशी साहेबाने वाचून विचारलं, हे तुला कुणी लिहून दिलं? ‘आय रोट,’ ती म्हणाली. मशीन बंद करायला कुणी सांगितलं? ‘नोबडी. आय सॉ.’ एवढंच बोलून ती थांबली, असं तिने आम्हाला सांगितलं तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी शाबासकी दिली नाही. पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, ‘चला, आता भविष्यकाळ.’

नोटीस मागे घेतल्याचा कागद यायला श्रावण उजाडला. कुणाची माफी त्यात नव्हती, कारणही नव्हतं. सुरेखा मात्र कामावर राहिली. तो कागद बघायला बाई नव्हत्या. आषाढातल्या एका पहाटे, दिंडोशीच्या घरात, त्यांचं हृदय थांबलं होतं.

वर्ग आता मी घेते. परवा नीलम पहिल्यांदाच आली, मानेवरचा व्रण ओढणीने झाकून. दारातच तिने हळू आवाजात विचारलं, इथे शिकवतं कोण? सुरेखाने मागे वळून, अगदी सहज, इंग्रजीत उत्तर दिलं: सावंत टीचर टीचेस हिअर. काळ चुकला होता. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुरेखा बाकावर सरकली आणि नीलमला शेजारी जागा करून दिली. मी ते वाक्य तसंच राहू दिलं. माणूस गेलं की आपण त्याची सगळी क्रियापदं भूतकाळात टाकून मोकळे होतो. पण ज्या बाईने दुसरीला ‘मी’ म्हणून उभं राहायला शिकवलं, तिच्या नसण्याला कोणता काळ लावायचा, हे मला अजून शिकायचं आहे.