नकाशात नसलेली विहीर

लक्ष्मणरावांनी टेपचं टोक खुंटीला अडकवलं आणि हरिदास मास्तरला विहिरीकडे चालायला सांगितलं. टेप उलगडत गेला. मे महिन्याच्या उन्हात जमीन नुसती भाजत होती. खुंटी जिथे ठोकली होती तिथे चंद्रभानच्या कारखान्याचा खड्डा व्हायचा होता. सूत रंगवून उरलेलं पाणी त्या खड्ड्यात सोडायचं, असं त्याच्या अर्जात लिहिलं होतं.

"काय आलं?" लक्ष्मणरावांनी जागेवरूनच विचारलं.

"तुमीच येऊन वाचा, साहेब," हरिदास कठड्यापासून ओरडला. "माह्या वाचण्यावर कमेटीचा भरोसा बसाचा नाई."

जाणं भागच होतं. ओव्हरसियर म्हणून त्यांची उभी हयात या म्युनिसिपल कमिटीत गेली होती. गावातली एक गटार त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण या वस्तीकडे यायचं म्हटलं की त्यांना नेमकं दुसरं काही काम आठवायचं. एकोणीस वर्षं ते असंच आठवत आलं होतं.

टेपवर एकशे दहा फूट भरले. त्यांनी दोनदा वाचले. पिण्याच्या विहिरीपासून दोनशे फुटांच्या आत असा खड्डा चालणार नाही, हा कमिटीचा नियम होता.

"मंग झालं तं," हरिदास म्हणाला. "परवानगी भेटूच शकत नाई."

चंद्रभान छत्री धरून मागे उभा होता. माणूस तापट नव्हता, आणि खोटं बोलणाराही नव्हता. त्याने कोटाच्या खिशातून नकाशाची नक्कल काढली. जागा घेण्याआधी त्याने ती कमिटीकडूनच रीतसर घेतली होती.

"मास्तर, याच्यात ही इहीर दाखवा मले. गावच्या एकोणचाळीस इहिरी आहेत, ही नाई. अन् कठड्यावर काय कोरलं हाय तुमी? एकोणीसशे छप्पन. माहा अर्ज त्या सालच्या श्रावणातला. अर्जानंतर खोदलेल्या इहिरीले हा नियम लागत नाई."

"छप्पनमंदी नुसता कठडा बांदला," हरिदासचा आवाज चढला. "नागपूरले दीक्षा घेऊन आलो, अन् सगळ्यायनं मिळून बांदला. इहीर माह्या आज्यानं खोदली."

"मंग नकाशात काऊन नाई?"

उत्तर तिथे दोघांनाच ठाऊक होतं. एक लक्ष्मणराव, कारण नकाशा त्यांच्याच हातचा होता. दुसरी हरिदासची आई, धुरपता. ती रहाटावर पाणी ओढत होती. दोर तसाच हातात धरून तिने लक्ष्मणरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माजघरातली लोखंडी पेटी उघडली. अंगणात त्यांच्या पत्नी शालूबाई खाटेवर कुरड्या घालत होत्या. लेकीचं, वच्छलेचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मुलगा कमिटीचे अध्यक्ष मनोहरराव यांचा सख्खा भाचा, घरचं सगळं चांगलं, फक्त सोवळंओवळं फार. मुलाच्या आजीबाई परक्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. हे स्थळ मनोहररावांनीच जमवून दिलं होतं.

"सकायपासून काय शोधून राह्यले?" शालूबाईंनी बाहेरून विचारलं.

"काई नाई. जुने कागद."

पेटीच्या तळाशी मोजणीची वही सापडली. सन एकोणीसशे अडतीस. प्रत्येक पानावर छापील आकडा आणि कमिटीचा शिक्का, तोही मोजणी सुरू व्हायच्या आधी मारलेला. मागाहून त्यात एक पान घुसडायची सोय नव्हती. लक्ष्मणरावांनी एकाहत्तरावं पान काढलं. शिसपेन्सिलीची अक्षरं होती तशीच होती. ती पुसली गेली असतील अशी एक भाबडी आशा मनात होती, तीही गेली.

त्या वर्षी असाच मे महिना होता. साखळी धरणारे गडी जेवायला गेले होते आणि एवढं टोक मोजून टाकावं म्हणून ते एकटेच पुढे आले होते. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी विहीर गाठली आणि ते तिथेच मटकन बसले. पाणी ओढणारी एक लेकुरवाळी सून घाबरून चार पावलं मागे सरली. त्यांनी काही न बोलता ओंजळ पुढे केली. ती पुन्हा पुन्हा नाही म्हणत होती, रडकुंडीला आली होती, तरी शेवटी तिने वरून धार धरली. प्राण परत आल्यावर त्यांनी सवयीने वही काढली, दोर सोडून खोली मोजली आणि सगळं लिहून ठेवलं. घरी परतताना मात्र त्यांची पाचावर धारण बसली. पक्क्या नकाशात ही विहीर घ्यायची तर तिच्यापुढे पाण्याचा शेरा लिहावा लागणार, आणि तो शेरा कसा लिहितात हे कमिटीतल्या चपराशालाही माहीत होतं. शेरा खोटा लिहिणं त्यांच्या हाताला जमेना. त्यांनी विहीरच वगळली.

कुणी विचारलं नाही. त्या काळी त्या वस्तीत जाऊन कोण ताडून पाहणार होतं? आणि ती सूनही कधी बोलली नाही.

चार वाजता कमिटीची बैठक भरली. हरिदास आणि धुरपता दाराजवळच्या बाकावर बसले होते. चंद्रभान समोर होता. मनोहररावांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ओव्हरसियर, मोजणीत काय आलं?"

"अंतर एकशे दहा फूट. नकाशात इहिरीची नोंद नाई." लक्ष्मणरावांनी कागदावर होतं तेवढंच वाचलं. मोजणीची वही मांडीवर होती. तिच्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.

"मी यंत्राले पैसे देऊन बसलो, अध्यक्षसाहेब," चंद्रभान म्हणाला. "तुमच्याच नकाशावर भरोसा ठेवून देल्ले. आता नकाशा खोटा म्हणान तं म्या कोणाकडं पाहाचं?"

बोलणं रास्त होतं. मनोहररावांनी मान हलवली आणि बाकाकडे वळून पाहिलं.

"धुरपताबाई, इहीर जुनी हाय म्हणता. तुमच्या वस्तीबाहेरच्या कोणी पाह्यली आधी? तिचं पाणी पेला असा एखादा साक्षीदार हाय?"

वरचा पंखा करकरत फिरत होता. धुरपता उठून उभी राहिली. तिची नजर सगळ्यांवरून फिरत त्यांच्यापाशी आली आणि न थांबता पुढे गेली.

"नाई," ती म्हणाली. "बाहेरचा कोणी नाई."

"माय, नीट आठव ना," हरिदास काकुळतीला आला.

"सांगतलं ना, कोणी नाई." ती खाली बसली.

म्हणजे ती आजही त्यांना झाकत होती. तेव्हा बोलली असती तर कमिटीच्या बाबूला बाटवलं म्हणून तिच्या घरच्यांची पाठ सोलली गेली असती, त्या भीतीने ती गप्प राहिली हे त्यांना कळत होतं. पण आज तिला कुणाचं भय नव्हतं. आज वस्तीचं पाणी जात होतं, तिच्या नातवंडांच्या घागरीत लाल-निळा रंग उतरणार होता, आणि तरी ही बाई मूग गिळून बसली होती. लक्ष्मणरावांना स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वच्छलेचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

मनोहररावांनी ठरावाचं पुस्तक पुढे ओढलं. "तं मंग परवानगी द्यायले हरकत..."

"थांबा," लक्ष्मणराव म्हणाले.

ते उठले. वही एकाहत्तराव्या पानावर उघडून त्यांनी अध्यक्षांच्या पुढे ठेवली.

मनोहररावांनी आधी शिक्का पाहिला, मग पानाचा आकडा, मग ते मोठ्याने वाचू लागले. "विहीर. वस्तीच्या पूर्वेस. दगडी बांधणी, जुनी. खोली बेचाळीस फूट. पाणी..." ते थांबले. चष्मा काढून त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "पाणी गोड."

मनोहरराव वीस वर्षं कमिटीत होते. मोजणीवाल्याने प्रत्येक विहिरीचं पाणी चाखायचं आणि मगच गोड की खारं ते लिहायचं, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांनी वही हळूच मिटली. आवाज खाली आणून, सोयऱ्याशी बोलावं तसे ते म्हणाले, "लक्ष्मणराव, हे तुमी कोणाले तरी इचारून लिवलं असंन."

पळवाट होती, तीही अध्यक्षांनी स्वतः उघडून धरलेली. त्यातून लग्नही तरलं असतं आणि पेन्शनही. हो म्हणायचा तेवढा अवकाश होता.

"नाई," लक्ष्मणराव म्हणाले. "चाखून लिवलं. नकाशात इहीर नाई, ती चूक माही हाय. भेऊन केली. चंद्रभानजीचं नुकसान झालं, ते माह्यामुळं."

चंद्रभान हातातल्या नकलेची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता. मनोहररावांच्या कपाळावर घाम आला होता. बहिणीला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"चाखलं म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "जिभेले लावलं असंन. एखादा थेंब. सरकारी काम म्हून."

"थेंब काऊन?" बाकावरून आवाज आला. धुरपता पुन्हा उठली होती, आणि या वेळी ती सरळ लक्ष्मणरावांकडे पाहत होती. "मीनंच वतलं होतं. अख्खी बादली पेले ते."

सगळे लक्ष्मणरावांकडे वळले. ते ठराव लिहिणाऱ्या लेखनिकापाशी गेले आणि म्हणाले, "लिवा. अख्खी बादली."