सांबाराच्या जुडीची गाठ

गुंजननं त्या खोक्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या, की खोक्याला कान असते तर तो आपल्या पायानं भंगारात गेला असता.

दिसायला मात्र अगदी गरीब. काळ्या प्लास्टिकचा, बुटांच्या डब्याहून जरा मोठा, वर दोन भोकं, आत कॅमेरा. भोकांतून दोन लांब चिमटे आत घालायचे, समोरच्या पडद्यावर बघायचं, आणि आतल्या रबरी नळीची चीर सुईदोऱ्यानं शिवून तीन वेढ्यांची गाठ मारायची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात जे करतात तेच, फक्त इथं पोट कुणाचंच नाही. वेळ दहा मिनिटं. वर्ध्यात सर्जरी शिकणाऱ्या गुंजनसारख्या पोरांसाठी विभागप्रमुख झाडे मॅडमनी यंदा नियमच काढला होता: खोक्यात पास झाल्याशिवाय माणसाच्या पोटात टाका घालायचा नाही. नियम चांगला होता, यात वाद नाही. आपल्यावर येईपर्यंत सगळेच नियम चांगले असतात.

गुंजन दोनदा नापास झाली होती. वेळेत म्हणाल तर ती सगळ्यांच्या पुढं. टाके बरोबर खुणेवर. पण परीक्षा झाली की मॅडम दार लावून एकेक नळी ताणकाट्याला अडकवून ओढायच्या, आणि गुंजनची गाठ सरकायची. गाठ सरकली की सरळ शून्य. दुसऱ्या वेळी तर मॅडमनी तिला आत बोलावून दाखवलं. ओढलं, की सुर्रकन.

"एक वेढा इकडून, दुसरा तिकडून, तिसरा पुन्हा इकडून. माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं की. कागदावर आकृती काढून दिली असती. म्हणून मग ती होस्टेलवर दोऱ्याची रिळंच्या रिळं संपवायची, आणि गाठ घट्ट व्हावी म्हणून आणखी जोरानं ओढायची. तिच्याच वर्गातला स्वप्निल पहिल्या फटक्यात पास झालेला. तो म्हणाला, "गाठीले थोडा गोंद लावून पाहाय ना." त्याला तिनं दोन दिवस चहा विचारला नाही.

आता सोमवारी तिसरी आणि शेवटची संधी. पास झाली तर मंगळवारी सकाळी आठला मॅडमच्या शेजारी उभं राहून आयुष्यातला पहिला खरा टाका. नाहीतर पुढचे सहा महिने दुसऱ्यांसाठी कॅमेरा धरून उभी राहा.

रविवारी सुट्टी होती. गुंजन देवळीला घरी आली आणि तोंड पाडून थेट भाजीच्या वाडीत गेली. तिथं तिची आई वच्छला सांबाराचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या लोकांना तो इडलीबरोबर येतो असं वाटतं, त्याला आपण काय करणार? उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या होत्या. गुंजननं सुतळीचे तुकडे जवळ ओढले आणि तिचे हात चालू झाले. सहाव्या वर्षापासूनचं काम. त्याला डोकं लागत नव्हतं.

"तोंड काऊन असं करून राह्यली?" वच्छलानं विचारलं.

"गाठ सुटून राह्यली माय माही. दोनदा नापास झाली. उद्या बी तेच होईन."

वच्छलानं गुंजनची एक जुडी उचलली, हातात तोलली, बारीक वाटली म्हणून सुतळीचं एक टोक ओढून ती सोडली आणि चार काड्या आणखी घातल्या.

गुंजनचे हात थांबले.

"माय, दुसरी ओढ."

"काऊन?"

"ओढ तं."

सुर्रकन. तोच आवाज, तीच चाल.

"ही अशी कशी सुटते वं?"

"सुटाचीच असते. गिऱ्हाइकानं घरी जाऊन एक टोक ओढलं का जुडी मोकळी झाली पाह्यजे. म्याच तं शिकवलं तुले."

गुंजननं नवी जुडी घेतली आणि हळूहळू, स्वतःच्याच बोटांवर पाळत ठेवून गाठ मारली. पहिला वेढा इकडून. दुसराही इकडून. पुन्हा मारली, पुन्हा तेच. डोकं डॉक्टर झालं होतं, पण हात अजून वाडीतच बसले होते, आणि घाई झाली की ते आईचंच ऐकत होते. होस्टेलवरच्या हजार गाठींनी तिनं जुडीचीच गाठ पक्की केली होती. तिला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पास झाल्याचा आनंद पेढ्यात संपतो. सापडत नसलेली चूक सापडली की माणूस वाडीभर नाचतो. गुंजन खरंच नाचली. वच्छलानं तेवढ्यात ढीग बाजूला सरकवला, नाहीतर तो तुडवला गेला असता.

मग ती मांडी ठोकून बसली. इकडून, तिकडून, इकडून. पहिल्या वीस जुड्यांतच घाम फुटला. पन्नासाव्या जुडीपर्यंत बोटं भांडत होती. शंभरानंतर त्यांचं भांडण मिटलं, आणि शेवटची, दोनशे चाळीसावी जुडी गुंजननं आईशी गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता बांधली. सकाळच्या एसटीत पिशवीच्या बंदावर तिनं आणखी तीस गाठी मारल्या. शेजारची बाई लांब सरकून बसली.

सोमवारी अकरा वाजता ती खोक्यापुढं उभी राहिली. सुई आत गेली, बाहेर आली. दोरा ओढला. इकडून, तिकडून, इकडून. सात मिनिटं दहा सेकंद. नळ्यांवर नंबर लागले, सगळ्यांना बाहेर काढलं, दार लागलं.

व्हरांड्यात गुंजनला उभं राहवेना की बसवेना. खोक्यात हातांनी काय केलं, ते तिला धड आठवतच नव्हतं. एवढ्यात फोन वाजला. पलीकडं बाजाराचा गलका आणि त्याच्यावर वच्छलाचा आवाज.

"गुंजे, काय करून ठेवलं वं तू? लोकं भांडून राह्यले मह्यासंग. हाटेलवाला जुडी घेऊन परत आला, म्हणे दातानं बी सुटत नाई. आता विळा घेऊन बसली मी इथं."

"माय, सुटल्या किती?"

"सुटल्या? दोनशे चाळीसातली एक बी नाई."

गुंजन भिंतीला टेकली आणि हसायला लागली. फोन कानालाच होता तेव्हा दार उघडलं. झाडे मॅडम नळी हातात घेऊन बाहेर आल्या.

"गुंजन, तुझी गाठ…"

"नाही सरकली, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"देवळीच्या बाजारानं."

मॅडमना काही उमगलं नाही, पण त्यांनाही हसू आलं. "उद्या आठला. उशीर करू नकोस."

फोनमधून वच्छला अजून ओरडत होती, "हासून काऊन राह्यली? मले सांग, हे सोडाचं कसं?"

"नाई सुटत माय ते," गुंजन म्हणाली आणि डोळे पुसले. "कापूनच दे."