देणगीदारासाठी राखलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी हातांची खुर्ची आहे आणि सध्या माझे डोके फिरले आहे. खुर्चीला कुठले आले डोके, असे म्हणू नका. माझ्या जागी असतात तर तुमचेही फिरले असते.

मला घडवणाऱ्या सुताराचे वडील गुडघेदुखीने बेजार होते. त्यांना भार देऊन उठता यावे म्हणून त्याने माझी बैठक उंच ठेवली आणि हात रुंद केले. वडील बसले, उठले आणि म्हणाले, "जमलं." एवढे कौतुक मला जन्मभर पुरले असते. पुढे ते वारले, तेव्हा सुताराने मला चर्चच्या मागच्या अभ्यासखोलीला देऊन टाकले.

तेथे दर गुरुवारी पाळकसाहेब मंडळीतील लोकांना पवित्र शास्त्रातील एक पत्र शिकवत. अगदी पहिल्या काळातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेले, छोटेसेच. विश्वास मोठा की कृती, यावर सगळे तावातावाने भांडत. मला ते फार आवडे. मग एका देणगीदाराने खोलीवर नवे छप्पर घालून दिले आणि मी त्याच्या नावे राखीव झाले. माझ्या हातांवर आडवी दोरी बांधली गेली. हा गृहस्थ क्वचित येतो, तोही उभ्या उभ्या फोटो काढून जातो.

मागच्या महिन्यात शिंपीणआजी आल्या. गरिबांच्या तान्ह्या बाळांना त्या आयुष्यभर फुकट अंगडी शिवून देत आल्या होत्या. त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठले.

"साहेब, कामाशिवाय विश्वास मेलेला, असं त्या पत्रात आहे म्हणे. माझी बोटं आता वळत नाहीत, सुई धरता येत नाही. मग माझा विश्वास मेला का? तेवढंच विचारायचंय."

"फार चांगला प्रश्न आहे, आजी. पण प्रश्न आपण शेवटी घेतो. बाकं भरलीत, तोवर मागं उभ्या राहा."

आणि त्या दिवशीचा भाग कोणता होता म्हणता? श्रीमंताला मानाची जागा द्यायची आणि गरिबाला उभे ठेवायचे, या भेदभावाला ते पत्र कसे झोडपते, तोच! साहेबांनी मूळ ग्रीक शब्द फळ्यावर लिहिला. त्या भागातल्या श्रीमंतासारख्या सोन्याच्या अंगठ्या त्या काळी कोण घालत, हेही सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजी माझी पाठ धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांची थरथर मला कळत होती. पण एकाने मागे वळून पाहिले असेल तर शपथ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

प्रश्नांची वेळ आली तेव्हा आजी खोलीत नव्हत्या. दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. वर्ग आटोपून घरी निघालेल्या एक नर्सबाई त्यांना पाहून थांबल्या.

"अहो आजी, थांबायचं ना थोडं. साहेबांनी शेवटी विचारलं की सगळ्यांना."

"बसायला मिळालं असतं तर थांबले असते गं," आजी म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आपला विश्वास मेलाच, असे समजून त्या घरात एकट्या बसल्या असतील, या विचाराने माझा नुसता संताप होतो. इकडे मला मात्र नेमाने पॉलिश होते.

मित्रांनो, आमची निगा राखा, असे जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. मी उलटे सांगते. मला झिजवा. दमलेला माणूस समोर दिसला की आधी त्याला बसवा, धडा नंतर शिका. आणि तुमच्यापैकी कोणाला त्या आजींचे घर ठाऊक असेल, तर वर्ग संपायची वाट पाहू नका. आत्ताच उठा आणि जा.