खालचा अर्धा सूर्य

लोकांत घराची वाटणी होते, जमिनीची होते. त्या दोघांत सूर्याची झाली होती.

वेधशाळेत नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं नवरा-बायकोचा रोज सकाळी खटका उडायचा. मनोऱ्यावरच्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब ताटलीएवढं होऊन पांढऱ्या कागदावर पडायचं आणि त्यातले काळे डाग पेन्सिलीनं जिथल्या तिथे काढायचे, असं ते काम. हे म्हणायचे, इथे एक डाग आहे. बाई म्हणायच्या, नीट बघा, जुळे आहेत. शेवटी तेव्हाच्या संचालकांनी कंटाळून कागदावर सूर्याच्या विषुववृत्ताची रेघ मारली. "वरचा अर्धा बाईंचा, खालचा तुमचा. आता रेघ ओलांडून भांडायचं नाही."

तेव्हापासून त्या झाल्या उत्तरेच्या बाई आणि हे झाले दक्षिणकर. मूळ नावं लोक विसरूनच गेले. संसार एकत्र, सूर्य तेवढा वेगळा.

दक्षिणकरांना आपल्या अर्ध्याचा लळाच लागला. सूर्याच्या दोन्ही अर्ध्यांत डाग सारखे पडत नाहीत. कधी उत्तर भरते, कधी दक्षिण. त्यांचं म्हणणं असं, की दक्षिण नेहमी मागून जागी होते. या खेपेला तर हद्दच झाली होती. उत्तरेला गोवर निघावा तसे डाग, आणि दोन वर्षं दक्षिण जवळजवळ कोरी.

"तुझं पोर वांड, माझं शांत," ते म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाईंना या थट्टेची सवय झाली होती.

या कोऱ्या दक्षिणेवर त्यांनी निबंध लिहिला. दोन अर्ध्यांत इतकं अंतर पूर्वी कुणी नोंदवलं नव्हतं. निवृत्तीच्या आधी मोठ्या परिषदेत तो वाचायचा होता. त्यासाठी त्यांनी नवा कोट शिवून घेतला आणि आरशासमोर उभं राहून बाईंना दोनदा अख्खा निबंध ऐकवला.

मग एका सकाळी खालून त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले. बाई आपलं काम आटपत होत्या. सहज त्यांची नजर रेघेखाली गेली. खाली बारीक ठिपके होते. मोहरी सांडल्यासारखे, एक पुंजका कडेला, एक मध्यावर. दक्षिणकरांनी मात्र तिथे काहीच काढलं नव्हतं, आणि खाली सही करून मोकळे झाले होते.

बाईंनी कागद जरासा हलवला. ही त्यांची जुनी परीक्षा. कागदाचा डाग कागदाबरोबर सरकतो. सूर्याचा जागच्या जागी राहतो. ठिपके राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चोरून पाहिलं, तिसऱ्या दिवशीही. मनोऱ्याची शेवटची पायरी दक्षिणकरांची हल्ली चुकत होती, हे आठवलं. त्यांचा हात लागून पेला लवंडायचा आणि आपण चिडायचो, "डोळे कुठे असतात तुमचे!" तेही आठवलं.

त्याच आठवड्यात त्यांनी विषय काढला. आकाश स्वच्छ होतं, दोघं कागदावर वाकले होते.

"अहो, तुमच्या बाजूला ठिपके आहेत."

"धूळ असेल. कागद झटकायला झालाय."

"धूळ नाही. मी हलवून पाहिलं."

"रेघ ओलांडायची नाही असं ठरलंय आपलं." ते हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "हलव बघू आता."

बाईंनी कागद हलवला. दक्षिणकर इतके खाली वाकले की डोक्याची सावली बिंबावर पडली. मागे सरले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मग अगदी हळू, जणू कुणी परकं ऐकेल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"हलले का?"

तेव्हा बाईंना कळलं, की त्यांना काहीच दिसत नाहीये. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर निबंध राहिला असता, परिषद राहिली असती, आरशासमोरचा तो माणूस राहिला असता.

"नाही हलले," बाई म्हणाल्या.

दक्षिणकरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मोठे आहेत?"

"नाही हो. बारीक आहेत. कुणाच्याही नजरेतून सुटले असते."

"तुझ्या नाही सुटले."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. "दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायचा प्रयत्न करू."

निबंध मागे घ्यायला ते स्वतः गेले. नव्या संचालकांनी दुसऱ्या वेधशाळेतली छायाचित्रं मागवली आणि ताडून पाहिलं. दक्षिण खरोखरच मागे होती, पण कोरी मुळीच नव्हती.

"म्हणजे झोपली होती, एवढं तरी खरं ना?" दक्षिणकरांनी विचारलं.

"झोपली होती. पण तुम्ही म्हणत होता तितकी गाढ नाही."

"गाढ मीच झोपलो होतो म्हणायचं," ते म्हणाले.

त्यानंतर घरात ते कामापुरतंच बोलत. एकदा जेवताना मधेच थांबून म्हणाले, "तू 'हो' म्हणाली असतीस तर?"

"तर परिषदेत कुणीतरी चारचौघांत सांगितलं असतं."

"तोवर तरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी त्यांच्या ताटात वाढलं. बाईंनी खरं सांगितलं हे त्यांना पटत होतं. फक्त सोसत नव्हतं.

ते घरी बसले. बाई एकट्या अख्खं बिंब काढू लागल्या. औषधं चालू होती, तरी नजर उतरत गेली. पुढच्या वर्षी उत्तर ओसरली आणि दक्षिण उठली ती अशी, की एक डाग दुर्बिणीशिवाय, नुसत्या काळ्या काचेतून दिसू लागला. वेधशाळेची सगळी माणसं अंगणात जमली. संचालकांनी गाडी पाठवून दक्षिणकरांना आणवलं.

"दक्षिणकर, आली बरं का तुमची दक्षिण! मागून येते म्हणत होता, तशीच आली."

कुणीतरी त्यांच्या हातात काच दिली. त्यांनी मान वर केली आणि काच डोळ्यांशी धरली. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"छान आहे," ते म्हणाले. "चांगलाच मोठा आहे."

काच सूर्याकडे नव्हती, भलतीकडेच होती. बाईंनी काही न बोलता त्यांचं कोपर धरून हात वळवला.

"आता?"

"आता थोडा उजेड वाटतोय." मग फक्त बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू सांग. कसा आहे?"

बाईंनी आदल्या दिवशी कागदावर काढला होता तसा सांगितला. मधे काळाभोर आहे, भोवती करड्या रंगाची झालर, मागे पिलांसारखी बारक्यांची रांग. ते मान हलवत ऐकत राहिले. काच अजून डोळ्यांवरच होती, आणि तिच्याखालून गालावर पाणी ओघळत होतं. लोक हळूहळू कामाला पांगले.

"जा, वर जा," ते म्हणाले. "ढग यायच्या आत काढून घे."

"तुम्ही?"

"मी बसतो इथे. मला कुठे घाई आहे?"

बाई मनोऱ्यावर चढल्या. कागद लावला, बिंब जुळवलं आणि रेघेखाली पेन्सिल टेकवली. आधी मोठा डाग, मग त्याच्यामागची बारकी पिलं, एकेक करून त्या काढत गेल्या.