नम्रताचा तांब्या

नम्रता गेली त्या जागी दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. आमच्याकडे दहावं होईपर्यंत ठेवतात. मला हे थोतांड वाटतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं असताना बायकोच्या नावाने वाद कोण घालणार?

दुसऱ्या सकाळी तांब्या रिकामा. शेजारच्या यमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "प्यायलीन हो. तहानेली होती बाय." मी म्हटलं, मांजर असेल, आणि तांब्यावर पाट ठेवला. पुढच्या सकाळी पाट जागच्या जागी आणि तांब्या पुन्हा कोरडा. बायका समाधानाने हात जोडू लागल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

नम्रताने आपल्या भावाला, नितेशला, किडनी दिली होती. मी तेव्हा कडाकडा भांडलो होतो. आता घरात वावरणाऱ्या नितेशकडे मी सारखा बघत होतो, कारण माझ्या बायकोचं तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं.

त्या दुपारी मी स्वतः तांब्या काठोकाठ भरला आणि समोर मांडी घालून बसलो. पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली जाऊ लागलं. खालची जमीन कोरडी होती. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा रागच जास्त आला. मेल्यावर हिला एवढी तहान कशाची, असं मनात आलं आणि नजर कोपऱ्यात गेली. तिथे नितेश भिंतीला टेकून पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे.

विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. आल्यापासून त्याला जुलाब होत होते. भरल्या घरात संडास एकच. सारखं उठायला लाज वाटते म्हणून त्याने पाणी जवळजवळ तोडलं होतं. सकाळपासून लघवीही झाली नव्हती.

"तिची नाय ती तहान," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "ह्याची हाय."

रत्नागिरीला इस्पितळात त्याला सलाईन लावलं. किडनीला अचानक मार बसलाय, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी पिशवीत थोडी लघवी उतरली. मी घरी फोन लावला. मघाशी पुन्हा भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ आहे, असं यमुनाबाईंनी सांगितलं.

दहावं झालं. नितेश बरा होऊन डोंबिवलीला गेला. तांब्या मात्र मी कुणाला उचलू दिला नाही. लोक हसतात, हसू देत. रोज सकाळी मी आधी पाणी बघतो, मग नितेशला फोन करतो.

आज तांब्या कोरडा आहे. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही.