चूल तिथे मत

माझ्या लेकाला गावाचा धूर खुपत होता. लंडनला पार्लमेंटात बसून पेरेग्रिननं नवं खूळ आणलं: दिवाणखान्याच्या खिडकीतून थेट तळ्यापर्यंत हिरवळ दिसली पाहिजे. आता मधे ॲशकोम गाव होतं, त्याला काय करणार?

"आई, टेकडीपलीकडं पक्की घरं बांधून देतोय. छप्पर गळायचं नाही."

"विचारलंस त्यांना?"

"घरं माझी, त्यात विचारायचं काय?"

मी बोलायचं ते बोलले. पण बिअर गाळणाऱ्याच्या मुलीचं सरदारांच्या घरात कोण ऐकतं! सून म्हणून आणली तेव्हापासून मी फक्त कानांना टोचते.

वसंतात घरं पाडली. जेथ्रो विणकराची बायको डॉर्कस, जिच्या दुधावर पेरेग्रिन वाढला, ती भांड्यांच्या ढिगावर बसून घोडागाडीतून गेली. मागं वळून पाहिलं नाही. नव्या भिंतींची ओल तिला मानवली नाही. पहिल्याच हिवाळ्यात संपली.

मग निवडणूक आली.

आमच्याकडं रीत अशी, की ज्याची स्वतःची चूल आणि चुलीवर स्वतःचं भांडं, त्याला मत. मतदानाआधी लोक रस्त्यावर चूल मांडून रांधतात, चारचौघांनी पाहावं म्हणून. आणि मत द्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बापाच्या मांडीवर बसून पेरेग्रिननं हे पाहिलेलं. पण आमच्या मतदारसंघाची हद्द टेकडीअलीकडच्या ओढ्यापाशी संपते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माणसं माझी, ती कुठंही राहोत, माझीच, असं तो धरून चालला.

चर्चसमोर मांडव घातला होता. पेरेग्रिनविरुद्ध साखरेचा एक व्यापारी उभा. बाजारपेठेतली मतं त्यानं दारू पाजून केव्हाच बांधून ठेवलेली. टेकडीपलीकडून आमची माणसं चिखल तुडवत आली. पुढं जेथ्रो, रविवारचा कोट घालून.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

"जेथ्रो पॅस्को."

"चूल कुठं?"

"टेकडीपल्याड."

व्यापाऱ्याचा वकील पुढं सरकला. "ओढ्यापलीकडं मत नाही. पुढचा."

"अवो, पर माझी चूल हितंच व्हती. सरकारांनीच हलिवली."

"मग सरकारांनाच विचारा," वकील म्हणाला. लोक हसले. पेरेग्रिन मांडवातच होता. तो बुटांकडं पाहत राहिला.

जेथ्रो हलला नाही. "धरू नका मत. नाव तेवढं घिऊ द्या."

कारकुनानं हातानंच बाजूला हो म्हटलं.

माझ्या गाडीपाशी येऊन त्यानं टोपी काढली. "बाईसाहेब, थोरल्या सरकारांपासनं दर खेपेला नाव घेतलं. समदं गाव गप ऱ्हाऊन ऐकायचं. एरवी मला कोण काय इचारतंय?"

 

दुपारी निकाल लागला. पेरेग्रिन पडला. गाडीत माझ्यासमोर येऊन बसला, चेहरा राखेसारखा.

"माणसं उलटली, आई."

"उलटली कुठं? तुझं नाव घ्यायला चिखलातून आली होती."

"आजोबांपासूनची जागा गेली. तुला काहीच वाटत नाही?"

टेकडीच्या वाटेनं जेथ्रो एकटाच चालला होता. गाडी त्याला ओलांडून गेली तेव्हा पेरेग्रिन दुसरीकडं बघत होता. मग मी बोलले.

"जागा तुला दुसरीकडं मिळेल. तुझ्यासारख्यांना कुणीतरी देतंच. त्या म्हाताऱ्याला आता मरेपर्यंत कुणी काही विचारणार नाही. तू दुष्ट नाहीस, पेरी, तेवढं कळण्याइतकी मी तुझी आई आहे. पण बाईला मत असतं ना, तर मी तुला दिलं नसतं."